वाकडा दांडा

प्रयोगशाळेत सगळे तिला तेलवाली बाई म्हणत. तीन वर्षं खपून तिनं एक तेल बनवलं होतं. त्यात पिठासारखी बारीक लोखंडी पूड असायची. भोवतीच्या विद्युतचुंबकाला वीज दिली की ते लोण्यासारखं घट्ट व्हायचं, वीज तोडली की पुन्हा पातळ.

त्या सकाळी घर्षणाचा आकडा एकदम चढलेला दिसला, म्हणून तिनं चाचणीयंत्राचा सिलिंडर उघडला. आत दांडा सरकतो त्या भिंतीवर ओरखडेच ओरखडे! हेच तेल तीन आठवड्यांपासून मामाच्या कृत्रिम पायाच्या गुडघ्यात होतं. जिना उतरताना तेच त्याला धरून ठेवायचं. तेलातल्या पुडीनं गुडघ्यातला सिलिंडरही खाल्ला असेल तर? एखाद्या पायरीवर गुडघा दगा देईल आणि मामा गडगडत खाली जाईल.

तिनं मामाला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. ती तशीच धावत सुटली.

ती पोचली तेव्हा मामा शीळ घालत घराचा जिना उतरत होता.

"मामा, थांब तिथंच! बस खाली!"

"का गं? आग लागलीय का कुठं?"

कारण ऐकून तो हसला. "जन्मभर लोक म्हणाले, याची अक्कल गुडघ्यात. आता ती तपासायला निघालीस होय?"

त्याला गाडीत घालून तिनं प्रयोगशाळेत आणलं. त्याचा पाय काढून घेऊन तिनं गुडघा उघडला. आत सिलिंडर आरशासारखा लख्ख! तिचा जीव भांड्यात पडला. पण मग यंत्रातले ओरखडे?

मामानं चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर लोखंड कातण्यात काढली होती. त्यानं तो खराब सिलिंडर मागून घेतला आणि आतून नख फिरवलं.

"एकाच बाजूला घासलंय बघ. तेलाचा दोष असता तर चहूबाजूंनी घासलं असतं. तुझा दांडा तिरका बसलाय, पोरी. चोर सोडून संन्याशाला फाशी देतेस."

तिनं मोजलं. दांडा खरंच केसभर कलला होता. मागच्या दुरुस्तीत तिनंच तो घाईत बसवला होता. तिनं तो सरळ केला, नवा सिलिंडर बसवला, यंत्र सुरू केलं. घर्षणाचा आकडा खाली आला आणि दुपार उलटली तरी पुन्हा चढला नाही.

"रडतेस कशाला आता?" एकच पाय टेकवून स्टुलावर बसलेला मामा म्हणाला.

"रडत नाहीये," ती डोळे पुसत म्हणाली आणि त्याचा गुडघा जोडायला खाली बसली. सकाळपासून पहिल्यांदाच तिला कडकडून भूक लागली होती.