उम्म नवारा

"काढून टाक म्हणजे? अगं, हात तोडून टाक म्हण की सरळ!"

बहिय्याने फोन मसाल्याच्या डब्याला टेकवला आणि मोलोखियाच्या भाजीची पानं चिरायची सुरी खाली ठेवली. पडद्यावर तिची लेक नवारा, तिकडे जर्मनीतल्या खोलीत, अजून पांघरुणातच.

"आई, त्या कंपनीचा मालक काय बोलला ते वाचलंस का?"

"मी कशाला वाचू? मी दवाखान्यातली नर्स. मी वाचते ते बाटल्यांवरचं."

"आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना विमानात कोंबून परत पाठवा म्हणणारा तो पुढारी आहे ना, त्याच्या सभेत जाऊन हा म्हणाला, असाच माणूस हवा."

त्या मालकाने बनवलेल्या फोनमधल्या सोयीचं नाव परदेशी होतं. बहिय्याच्या जिभेवर ते कधी बसलं नाही. ती त्याला 'कुलूप' म्हणायची. मायलेकींचं बोलणं त्या दोघींशिवाय कुणाला ऐकू जात नाही, एवढं तिला कळत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

"लोहार नालायक निघाला म्हणून कुलूप सैल होतं का गं?"

"माझ्या मैत्रिणीही हेच म्हणतात. कुलूप पक्कं आहे, मालकाच्या तोंडाकडे कशाला बघतेस. पण आई, हा लोहार म्हणतो, हिला गावाबाहेर काढा. आणि महिन्याला पैसे भरून त्याचं दुकान मी चालवायचं? दुसरी दोन कुलपं आहेत, चांगली."

"ती इथं चालत नाहीत. सरकारनं बंद पाडलीत. तूच सांगितलंस."

दोघींच्या मनात एकच दुपार होती.

चार वर्षांपूर्वी नवाराने तुरुंगातल्या आजारी पोरांबद्दल लिहिलं आणि तिला मन्सूरा शहर सोडून पळावं लागलं. त्यानंतर बहिय्या साध्या फोनवर लेकीला एकदा म्हणाली होती, "छातीत गाठ लागतेय, कुणाला सांगू नकोस." आठवड्याने, भर दुपारी, तिला पोलिसांच्या कचेरीत बोलावलं. तिच्याच गल्लीत राहणाऱ्या हुसाम बे या अधिकाऱ्याने चार पुरुषांसमोर कागद उचलला आणि ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. एक जण हसला. गाठ पुढे साधी निघाली. लाज मात्र गेली नाही.

कोट्यधीश मालकाला मत सुचलं की तो बोलून मोकळा होतो. निस्तरायचं कुणी? मन्सूऱ्यातल्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईने.

"बरं, राहू दे," नवारा म्हणाली. "तुझ्यासाठी ठेवते."

लहानपणी पडली की गुडघा झाकून "नाही दुखलं" म्हणायची, त्या आवाजात म्हणाली.

तो आवाज दिवसभर बहिय्याच्या कानातून गेला नाही.

दुपारच्या अस्रच्या नमाजानंतर ती रोजच्यासारखी हज करून आलेल्या हाजा इन्साफकडे इन्सुलिन टोचायला निघाली. ही म्हातारी त्याच हुसाम बेची आई. लेकाने तीनदा दुसरी नर्स आणली, म्हातारीने तिघींनाही जिन्यावरूनच परत पाठवलं. "हिचा हात हलका आहे," एवढंच म्हणायची.

आपल्याकडे पोर झालं की बाईचं जुनं नाव मिटतं, ती 'उम्म', म्हणजे त्या पोराची आई, म्हणूनच ओळखली जाते. पण नवारा पळाली आणि अख्ख्या गल्लीने चार वर्षांत बहिय्याला 'उम्म नवारा' म्हणायचं सोडलं. भाजीवाला, इस्त्रीवाला, सख्खी नणंदसुद्धा. सगळ्यांची ती 'सिस्टर बहिय्या' झाली. भेकडांची गल्ली! एकटी हाजा इन्साफ तेवढी जुन्या नावाने हाक मारायची.

आज दार हुसाम बेने उघडलं.

"या सिस्टर," तो दारातच आडवा उभा राहून म्हणाला. "आईचं तुमच्यावाचून अडतं, म्हणून या. माझी ना नाही. पण त्या पोरीचं नाव या उंबऱ्याच्या आत नको. आईच्या तोंडूनही नको. या घरात तुम्ही बहिय्या. समजलं?"

बहिय्याच्या हातातली पिशवी जड झाली. हिची सुई चालते, हिची लेक चालत नाही. तिकडे त्या मालकालाही लेकीचा पैसा चालतो, लेक चालत नाही. सकाळी नवारा हेच सांगत होती, आणि आपण तिला लोहार-कुलपाच्या गोष्टी सांगत बसलो.

ती त्याच्या बाजूने आत गेली. पलंगावरून म्हाताऱ्या आवाजात हाक आली, दारापर्यंत ऐकू जाईल अशी.

"आलीस का गं उम्म नवारा? आज उजवा का डावा?"

"आई!" हुसाम बे ओरडला.

"ओरड. माझी साखर वाढव." म्हातारीने बाही वर सरकवली. "उम्म नवारा, टोच तू. याच्याकडे लक्ष देऊ नकोस. याला सुईची भीती लहानपणापासनं."

बहिय्याने टोचलं. हात हलकाच राहिला. म्हातारीच्या दंडाने काय घोडं मारलं होतं?

घरी येऊन तिने चूल पेटवली, लसूण फोडणीत टाकला आणि फोन हातात घेतला. कुलूप काढून टाकायला तिला फारसा वेळ लागला नाही. ते वापरायला शिकताना मात्र तीन महिने लागले होते. 'नक्की का?' असं पडद्यावर दोनदा विचारलं गेलं. तिने दोन्हीदा हो म्हटलं. मग चार वर्षांत पहिल्यांदा तिने साध्या फोनवरून नंबर लावला.

"आई?" नवारा घाबरली. "या फोनवर का? काय झालं?"

"काही नाही. तुझं ते काढून टाक. माझं मी काढलं."

"अगं पण ते ऐकतात! तुला पुन्हा बोलावतील—"

"ऐकू देत." तिने डोक्यावरच्या ओढणीने कपाळ पुसलं आणि आवाज जरा चढवला, शेजारच्या खोलीत कुणी बसलं असावं तसा. "मी उम्म नवारा बोलतेय."

बहिय्याला खूप विचारायचं होतं. कागदपत्रांचं काय झालं, झोप लागते का, भीती वाटते का. यातलं काहीही आता या तारेवरून जाणार नव्हतं. आज नाही, उद्याही नाही.

"मोलोखिया केलीस का?" शेवटी नवाराने विचारलं.

"केली," ती म्हणाली. "लसूण तेवढा करपला."