उपाशी पोटी

“आ करा,” मी म्हणालो. धुरपदाबाईंनी तोंड उघडलं आणि दाढेत अडकलेला बाजरीच्या भाकरीचा कण मला दिसला.

“रात्रीपासून काही खाल्लं नाही म्हणालात ना?”

त्यांनी मान वळवली. दाराशी त्यांचे यजमान खंडू टोपी चुरगाळत उभे होते. म्हणाले, “दुधात भाकर कुस्करून म्याच चारली, सायब. न्हावऱ्याहून यष्टीनं यायचं, वर आपरेशन. उपाशी कसं घराभाईर काढू तिला?”

मी भूल देणारा डॉक्टर. राहतो दौंडला, दर गुरुवारी शिरूरच्या या छोट्या दवाखान्यात येतो. तोंडाचा फटकळ आहे असं नर्सबाई म्हणतात, ते खरंच आहे. त्या दिवशी तर मी भडकलोच.

“आजचं ऑपरेशन रद्द!”

सर्जन कुरकुरले. “स्तनातली एवढीशी गाठ. नळी घाल, उरकून टाकू.”

“बाईंना हार्ट अटॅक येऊन गेलाय. मी घालणार नाही.”

बाहेर बाकावर खंडूंशेजारी बसलो. “हे बघा मामा, भूल दिल्यावर श्वासासाठी घशात काहीतरी बसवावं लागतं. नळी घालायची तर लोखंडी पात्यानं जीभ उचलतात. तेवढ्यानंही बीपी उसळतं, काळीज धडधडतं. बाईंच्या काळजाला ते सोसेलसं वाटत नाही. म्हणून मी मऊ रबरी मास्क आणलाय, तो पात्याशिवाय बसतो. पण पोटात अन्न असलं तर ते वर येऊन फुप्फुसात जातं. नळी ते बरंचसं अडवते, मास्क अडवत नाही.”

“म्हंजी, माझ्याच हातानं...” त्यांचे डोळे भरून आले. माझा राग कुठल्या कुठे गेला.

“अहो, वेळेवर कळलं ना! पुढच्या गुरुवारी या.”

आले. दोघांच्याही कपाळाला भंडारा. खंडू म्हणाले, “मल्हारीची आण, सायब. पान्याचा थेंबबी न्हाई.”

मास्क बसवला आणि बीपीच्या यंत्रावर डोळे लावले. आकडा फारसा हललाच नाही. हुश्श! जीव भांड्यात पडला माझा.

ऑपरेशननंतर धुरपदाबाईंनी डोळे उघडले, तेव्हा आवाज घोगरा झाला होता. पहिला प्रश्न केला, “ह्यांनी काय खाल्लं का?”

बाहेर आलो. खंडूंच्या मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी होती.

“सगळं छान झालं, मामा. आता तुम्ही खाऊन घ्या.”

“ती कवा खाईल?”

“संध्याकाळी, थोडंसं.”

“मंग मीबी तवाच.” त्यांनी फडकं पुन्हा नीट बांधलं आणि बाकावर आपल्या शेजारी ठेवलं.