डिकीची चार भोकं

माझ्या भावाने त्याची जुनी गाडी आम्हाला दिली तेव्हा तिच्या डिकीवर विमानासारखा पंख होता. नवऱ्याला त्याची लाज वाटायची. त्याने तो काढून टाकला आणि झाकणाला चार भोकं राहिली. पाऊस आला की डिकीत तळं साचायचं. गॅरेजवाला म्हणाला, "वेल्डिंग करून अख्खं झाकण रंगवावं लागेल." त्याचा आकडा ऐकून आम्ही मुकाट्याने घरी आलो.

मी नर्स आहे. वॉर्डात औषधांच्या कुप्यांची रबरी बुचं रोज कचऱ्यात जातात. त्यातली चार स्वच्छ धुऊन आणली आणि सिलिकॉन लावून भोकांत घट्ट बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बेकरीतली रात्रपाळी संपवून आलेला नवरा चाचणीसाठी डिकीत आडवा झाला. "थेंब पडला की आतून ठोक," असं बजावून मी झाकण लावलं आणि वरून दोन बादल्या पाणी ओतलं.

आतून काही आवाज नाही.

"अरे, गळतंय का?" मी विचारलं. झाकण बडवलं. तरी उत्तर नाही. हवा जायची भोकं मीच तर बुजवली होती. घाईघाईने किल्ली फिरवली.

नवरा कोरडा ठणठणीत होता आणि चक्क घोरत होता.

त्याने एक डोळा उघडला. "झाकण लाव गं. आपल्या खोलीतसुद्धा एवढा अंधार नसतो."

तिसरी बादली भरलेलीच होती. ती मी झाकण न लावता ओतली.