रेघेची जाडी

"खूण कुठे मारू, साहेब?" मुकादमानं विचारलं. त्याच्या हातात लाल रंगाचा डबा होता आणि आम्ही माझ्या साडूच्या दारात उभे होतो.

मी पालिकेच्या नगररचना विभागात आरेखक. नकाशे काढण्यात एकतीस वर्षं गेली. हा रस्ता खरं तर समोरच्या बाजूनं रुंद व्हायचा होता. पण तिथे सभापतींच्या मेहुण्याचं गोदाम निघालं, वरून चिठ्ठी आली आणि रस्त्याच्या हद्दीची रेघ इकडे सरकली. तिथवर माझा दोष नाही. पण आमच्या नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पाच मीटर, आणि रेघ अर्धा मिलिमीटर जाड. म्हणजे रेघेच्या पोटातच अडीच मीटर जागा. तिची बाहेरची कड धरली तर साडूची नुसती पायरी जाणार, आतली धरली तर पुढची अख्खी खोली. कुठली धरायची, ते माझ्या हातात.

त्या खोलीनं माझं आयुष्य नासवलं होतं. "ताईकडे बघा, दहा माणसं आली तरी कुणाला उठावं लागत नाही," हे बायकोचं पालुपद. आमच्याकडे पाहुणा आला की मी स्वयंपाकघरात स्टुलावर. साडू छापखान्यात कामाला, पगार माझ्याहून कमी. पण खोली वडिलांनी बांधून ठेवलेली. माझ्याच मुलीच्या लग्नाची बोलणी तिथे झाली आणि मुलाकडचे निघताना आभार मानून गेले ते साडूचे. त्या दिवशीचा जळफळाट अजून उतरलेला नाही.

"आतल्या कडेनं मार," मी म्हणालो.

हरकतींसाठी तीस दिवस होते. गल्लीतून बावीस अर्ज आले. मी रोज आवक वही चाळायचो. साडूचा अर्ज आला असता तर माझ्या वरच्या साहेबांनी रेघ तपासली असती, माझी लबाडी उघडी पडली असती, आणि खोटं कशाला बोलू, मी सुटलो असतो. अर्ज आलाच नाही.

एकतिसाव्या दिवशी मी बायकोला विचारलं, "भावजींनी हरकत का नाही घेतली गं?"

"ते म्हणाले, आपला माणूस तिथे बसलाय. त्याच्या कामावर अर्ज करणं बरं दिसत नाही."



खोली पाडल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही गेलो. मधली भिंत आता रस्त्यावर आली होती. तिच्यावर खोलीचा निळा रंग तसाच होता, घड्याळाच्या जागी गडद गोल. उरलेल्या फरशीच्या पट्टीवर साडूनं दोन खुर्च्या मांडल्या.

"बसा साडूभाऊ. तुम्ही होतात म्हणून एवढं तरी वाचलं."

मी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. टोमणा असता तर बरं झालं असतं. तो मनापासून बोलत होता. रस्त्यानं जाणारे त्याला हाका मारत होते, थांबून चार शब्द बोलत होते. आणि माझी कमाल बघा, तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला.

तेवढ्यात शेजारचे मास्तर आले. मी उठायला लागलो, तर त्यानं खांदा दाबून मला बसवलं आणि स्वतःची खुर्ची मास्तरांना दिली. मग तो आत गेला, स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आला आणि भिंतीला टेकून त्यावर बसला.