गणेशपट्टीमागची कप्पी

अकोल्याची जळलेली कोठी पाहून आल्यावर खुशालराव पाटलानं नत्थुजी सुताराला दोन गोष्टी सांगितल्या. नव्या कोठीचं मधलं दार आपोआप लागलं पाहिजे. आणि ते कशानं लागतं, हे कोणाला दिसता कामा नये.

पहिली गोष्ट भीतीनं सांगितली होती, दुसरी दिमाखानं.

तिकडं अमेरिकेत गोरे गोऱ्यांशी लढत होते आणि त्यापायी इकडं ज्वारीच्या वावरात कापूस शिरला होता. खुशालरावाचं गाव अमरावतीपासून दोन कोसांवर. गावात अर्ध्या घरांवर धड शाकारणी नव्हती, पण कापसाला पक्की कोठी झाली. एका अंगाला कापूस रचायची कोठी, दुसऱ्या अंगाला रेच्यांची खोली. तिथं चौदा बाया रेच्याची मूठ फिरवून कापसातली सरकी वेगळी काढायच्या. दोन्हींच्या मध्ये एक दार. डोक्यावर कापसाचं डालं आणि दोन्ही हात डाल्याला, म्हणून येता-जाता असलं दार उघडंच राहतं.

अकोल्यालाही ते उघडंच राहिलं होतं. कोठी पेटली आणि हवेत तरंगणाऱ्या रुईवरून जाळ खोलीत आला. अंगणाकडं दुसरं दार होतं, पण उठून तिथवर जायला वेळ मिळाला नाही. पाच बाया गेल्या. पाटील आणि नत्थुजी पोचले तेव्हा तिथं गठाणी किती जळल्या यावर भांडण चाललं होतं. बायांची नावं कोणी घेत नव्हतं.

नत्थुजीची लेक जयवंता विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली होती. नव्या कोठीत ती रेचा धरणार होती. त्यामुळे नत्थुजीच्या लेखी ते नुसतं दार नव्हतं.

त्यानं साधी तोड सांगितली. दाराच्या फळीला दोरी बांधायची, दोरी चौकटीवरच्या कप्पीवरून न्यायची, टोकाला पाच शेरांचा दगड. दार उघडलं की दगड वर जाईल, सोडलं की खाली येईल आणि दाराला ओढून घेईल. सगळं बायांच्या डोळ्यासमोर टांगलेलं.

ओसरीवर पाटलाची मंडळी बसली होती. पाटील हसला.

“कोठीले मोट लावतं का बे नत्थू? माघात मुंबईच्या पेढीचा साहेब येऊन राहिला. त्याले का दगड दाखवू? आन ह्या बाया उद्या त्या दोरीले पाळणा टांगतीन.”

सगळे हसले. नत्थुजीही हसला, कारण पाटील हसला की बलुतेदारानं हसायचं असतं. मग तो म्हणाला, “टांगू द्या, पाटील. दोरी अडली त पयले त्याईलेच समजन.”

पाटलाला ते नको होतं. साहेबानं दार सोडावं, दार मुकाट्यानं लागावं आणि साहेबानं तोंडात बोट घालावं, एवढीच त्याची हौस होती. दगड दिसला की ती हौस मेली.

नत्थुजीनं ऐकलं. चार पिढ्या त्याच्या घराला पाटलाच्या खळ्यावरून बलुत्याची ज्वारी मिळत होती. ती खाणाऱ्याला नाही म्हणायला कोणी शिकवलेलं नसतं. त्यानं चौकटीलगत भिंतीत उभी पोकळी सोडली, दगड तिच्यात लपवला आणि वरून गिलावा केला. कप्पी चौकटीच्या माथ्यावर बसवली आणि तिच्यापुढं दोन खुंट्यांवर निघेल अशी फळी लावली. रुई कुठंही शिरते. दर आठ दिवसांनी फळी काढून कप्पी झाडावी लागेल, हे त्यानं पाटलाला बजावलं. पाटलानं मान डोलावली.

मग पाटलाला ती फळी बोडकी दिसायला लागली. कापूस म्हणजे लक्ष्मी, तिच्या दारावर गणपती पाहिजे. नत्थुजीनं गणपती कोरला. चांगला कोरला. तिथंच त्याचं चुकलं. कोरी फळी झाकण म्हणून राहिली असती.

कोठीची पूजा झाली त्या दिवशी नत्थुजी अंगणात पंगतीची वाट पाहत बसला होता. आत भटजींनी फळीला तुपात कालवलेला शेंदूर लावला, मंत्र म्हटले, हात सैल सोडून खुंट्यांची भोकंही शेंदरानं भरली. आठ दिवसांनी नत्थुजी वाकस-पटाशी घेऊन आला तर राखणदारानं अडवलं. पाटलाला विचार. पाटील म्हणाला, भटजीला विचार. भटजी म्हणाले, प्रतिष्ठा झालेली आहे, आता सुताराचा हात लागायचा नाही. काढायचीच असेल तर मुहूर्त पाहून, पूजा करून काढू.

मुहूर्त कोणी पाहिला नाही. दार लागत होतं ना? मग झालं.

पौषात एका संध्याकाळी भाकरी वाढता वाढता जयवंता सहज बोलून गेली, “बा, ते दार आता हातभर उघडंच राह्यते. आमी ढुंगणानं लोटतो.”

नत्थुजीचा घास हातातच राहिला. तसाच उठून तो पाटलाकडं गेला. भटजीही तिथं बसले होते. पाटलानं ऐकून घेतलं आणि सांगितलं की पौषात देव कोणी हलवत नाही, माघातल्या गणेशचतुर्थीला वाजतगाजत काढू.

“चतुर्थीले बावीस रोज हायेत, पाटील.”

“मंग?”

“आगीले पौष लागत नाई.”

भटजींनी कानावर हात ठेवले. पाटील म्हणाला, एवढं भ्याव वाटते त पोरीले घरी बसव.

नत्थुजीनं घरी येऊन तिला तेच सांगितलं. जयवंता चूल सारवत होती. ती म्हणाली, “म्या घरी बसली त माह्या रेच्यावर कोणाची दुसरी पोरगी बसन. ते कोणाची तरी असनच.” आणि सारवत राहिली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी नत्थुजी रेच्यांच्या खोलीत शिरला आणि पटाशी काढून पाटावर चढला. रेचे थांबले. तानुबाई उठून मध्ये आली. बायांमध्ये सगळ्यात म्हातारी ती. रुईनं तिचे डोळे कायमचे लाल झाले होते. रेचा धरायच्या आधी रोज त्या गणपतीला फूल वाहणारी तीच.

“नत्थू, हात लावू नको. माह्या घरी नातवंडं हायेत.”

बाकीच्याही उठल्या. पौषात देव हलला तर कोणाच्या लेकरावर येईल, कोणाच्या कुंकवावर येईल, असं एकीनं सुरू केलं की दुसरी भर घालू लागली. जयवंता बापाकडं पाहत होती. ज्यांच्या जिवासाठी हा माणूस पाटावर चढला होता त्याच त्याचा हात धरून उभ्या होत्या. पाटलाला स्वतः यायची गरजच पडली नाही. पाटलाचं काम बायाच करत होत्या.

नत्थुजी खाली उतरला. त्यानं दार पुरतं उघडलं आणि सोडून दिलं. दार अर्ध्यात आलं आणि थांबलं. कोठीतला कापूस छतापर्यंत दिसत होता.

अकोल्याचं त्यानं आजवर कोणाजवळ काढलं नव्हतं, घरीसुद्धा नाही. आता काढलं.

“पाच पाट पाह्यले म्या. रेच्यासमोर मांडले होते तसेच, कोयशावाणी. एक बी पाट सरकलेला नव्हता. एकीले बी उठाले भेटलं नाई.” मग तानुबाईला म्हणाला, “मावशी, मी नाई लावत हात. तू रोज फूल वाह्यतेस. तू काढ.”

तानुबाईनं लुगड्याला हात पुसले, देवाला नमस्कार केला आणि जयवंताच्या खांद्याचा आधार घेऊन पाटावर चढली. नत्थुजीनं फळीला न शिवता पटाशीनं खुंट्यांचा शेंदूर खरवडला आणि खुंट्या ओढल्या. तानुबाईनं गणपती अलगद पदरात घेतला, बाळंतिणीचं मूल घेतात तसा.

मागं कप्पी दिसेना. रुईचा बोळा दिसत होता, दाबून दाबून नमद्यासारखा घट्ट झालेला. तानुबाईनं देव जयवंताच्या ओंजळीत दिला, भोकात हात घातला आणि ओढलं. बोळा निघाला. भिंतीतला दगड धपकन खाली गेला आणि दार असं लागलं की चौदाही बाया दचकल्या.

तानुबाई हातातला बोळा न्याहाळत राहिली.

“हे त आपलंच हाये,” ती म्हणाली.

कोणीतरी सांगितलं असावं, पाटील जोडा न घालताच आला. गणपती जयवंताच्या हातात, फळीच्या जागी उघडं भोक. त्यानं आधी नत्थुजीला शिव्या दिल्या, मग विधवेच्या हातात देव दिला म्हणून सगळ्यांना. मग हुकूम केला, फळी होती तिथं लाव. नत्थुजीनं पटाशी फडक्यात गुंडाळली.

“नाई लावत, पाटील.”

“तुह्यं बलुतं आजपासून बंद.”

नत्थुजीचा चेहरा उतरला. तानुबाईनं देव आपल्याकडं घेतला आणि पाटलासमोर उभी राहिली.

“पाटील, देव होता तिथं लावतो आमी. पण मंग तुमी या, बसा आमच्यापाशी, पौष सरेपर्यंत. सरकी काढणं मी शिकवतो तुमाले.”

दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. पाटील हसला नाही. त्यानं त्या लागलेल्या दाराकडं पाहिलं, मग बंद पडलेल्या रेच्यांकडं. हंगाम ऐन भरात होता, गावोगावी रेचे फिरत होते, आणि एवढ्या बाया उठून गेल्या तर दुसऱ्या मिळायच्या नाहीत, हे त्याला देवाधर्मापेक्षा लवकर समजलं. त्यानं गणपती स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि वाड्यातल्या देवघरात नेऊन ठेवला. कप्पी उघडीच राहिली. दर आठ दिवसांनी तानुबाई पाटावर चढून ती झाडायची.

माघात साहेब आला. नाकाला रुमाल लावून दारातून गेला, कापसाचा धागा ओढून पाहिला आणि आला तसा परत गेला. दार कसं लागतं हे त्यानं विचारलं नाही. दार होतं हेही त्याला कळलं नसावं.

खळं झालं तेव्हा नत्थुजी पोतं घेऊन बलुतेदारांच्या ओळीत उभा राहिला. लोहाराला मिळालं, कुंभाराला मिळालं, भटजींच्या घरी पोतं बैलगाडीनं गेलं. माप नत्थुजीपाशी आलं आणि पुढं सरकलं. तो शेवटपर्यंत उभा राहिला आणि रिकामं पोतं खांद्यावर टाकून घरी आला. पुढं तो अमरावतीच्या बाजारात बैलगाड्यांची चाकं दुरुस्त करत बसायचा.

खुशालरावाची कोठी जळली नाही. त्या सालीही नाही आणि पुढंही नाही. म्हणून नत्थुजीचं खरं होतं हे गावात कोणालाच समजलं नाही. जळली असती तर समजलं असतं. पौषात देव हलवला म्हणून सुताराची भाकर गेली, असंच लोक सांगत राहिले, आणि ज्यांची लेकरं त्या चौदा जणींच्या हातची भाकर खात होती ते त्यांच्या घरचेही तेच सांगत राहिले.

नत्थुजीनं कोणाशी वाद घातला नाही. दिवेलागणीला तो बाजारातून यायचा आणि ओट्यावर बसून वाट पाहायचा. जयवंता यायची, केसांवरची, भुवयांवरची रुई झटकायची आणि विचारायची, “बा, काहून बाहीर बसला? थंडी हाये.”

“बसलो असाच,” तो म्हणायचा आणि तिच्या मागोमाग आत जायचा.