क्लचची हळद

महायुद्ध संपून इंग्रज अधिकारी आपापले सामान विकू लागले, त्या वर्षी सांगलीचे हळदीचे व्यापारी शांतिनाथ अण्णा यांच्या चिरंजीवांनी, म्हणजे मदनने, साताऱ्याहून एक दोन आसनी शर्यतीची मोटार विकत आणली. तिचे रूप असे की पाहणाऱ्याने हात जोडावेत. आणि चाल अशी की जोडलेले हात सोडून त्याने आधी आपले डोके सांभाळावे. क्लचवरचा पाय वर येताच ती बेडकीसारखी उडी घेई, चार हात पुढे जाऊन थरथरे आणि तिथेच प्राण सोडी.

क्लच हा मोटारीचा गृहस्थाश्रम होय. त्याची पट्टी पायाने दाबली की इंजिन व चाके यांची फारकत होते. पाय उचलला की पुनर्मीलन. कुलीन मोटारीत हे मीलन लाजत-संकोचत घडते. मदनच्या मोटारीत मात्र ते घडे तेव्हा दोन पैलवान एकमेकांस भिडल्याचा भास होई.

संक्रांतीच्या सुमारास मदन ही मोटार घेऊन कुपवाडास गेला. तेथील एका जैन शेतकऱ्याच्या चंदनबाला नावाच्या कन्येशी त्याचा विवाह ठरला होता, आणि वाग्दत्त वधूच्या डोळ्यांसमोरून मोटार एकदा डौलाने फिरवावी एवढीच त्याची वासना होती. अंगणात वळण घेताना त्याचा डावा पाय अंमळ लवकर उचलला गेला. मोटार उडाली, वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन बसली आणि कुरडयांचा जो कडकडाट झाला तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला.

चंदनबाला उंबऱ्यात आली. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्या मुलाशी बोलू नये ही मर्यादा तिला ठाऊक होती. पण कुरडया तिने स्वतः घातल्या होत्या.

"गाडी झ्याक हाय," ती म्हणाली. "पर वरातीत माझ्या मांडीवर भरलेला कऱ्हा असणार. त्यातलं पाणी शालूवर सांडलं, तर मी तितंच उतरंन आन् चालत सासरी यीन. मग वाजंत्र्यांनी कुणाच्या म्होरं वाजवायचं, माझ्या का तुमच्या गाडीच्या, ते तुमी ठरवा."

आत कोणीतरी हसले. मदन हसला नाही. नवरी पायी आणि नवरदेव मोटारीत एकटा, अशी वरात एकदा निघाली की तिची कथा त्याच्या नातवंडांनाही परक्यांच्या तोंडून ऐकावी लागली असती. चालक ठेवावा म्हटले तर आसने दोनच. म्हणून कुळाची सारी अब्रू त्या दिवसापासून मदनच्या डाव्या पायावर येऊन उभी राहिली.

मोटारीबरोबरच साताऱ्याहून नाथाजी आला होता. हा पलटणीतला ड्रायव्हर. मिसर देशाच्या वाळवंटात लष्करी ट्रक चालवल्यामुळे जगातील कोणतेही यंत्र आपल्याला वचकून असते अशी त्याची दृढ श्रद्धा होती. त्याने मदनची चाल पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"मालक, पाय सोडताय का पायताण झटकताय?"

"मग तू चालवून दाखव की रं."

नाथाजीने आपला नाल ठोकलेला बूट पट्टीवर ठेवला. मोटार मदनच्या हातून उडत असे त्याहून दीड पट उडाली.

"गाडीतच खोट हाय," असा निर्णय नाथाजीने तत्क्षणी दिला.

मग शस्त्रक्रियेस आरंभ झाला. पट्टी ज्या खिळीवर फिरे ती खिळी गंजून कोरडी पडली होती. तिला तेल मिळाले. पट्टी मागे ओढणारी स्प्रिंग एखाद्या कडक सासऱ्यासारखी होती. तिच्या जागी नरम स्प्रिंग आली. पूर्वी पट्टी दाबताना मदनची मांडी भरून येई, ती आता तळव्याच्या भाराने खाली जाऊ लागली. पण पाय उचलताना चाके कोणत्या क्षणी जागी होणार याचा पायाला सुगावा लागेना. पट्टी हलकी झाली आणि उडी तेवढीच राहिली. म्हणजे अपघात अधिक सुलभ झाला.

अखेर नाथाजीने पायाखालची फळी काढली आणि क्लच उघडला. एका वाडग्यात दुसरे वाडगे घट्ट बसावे तशी त्याची रचना. आतल्या वाडग्याला बाहेरून एक काळा, टणक पट्टा गुंडाळलेला.

"ह्यो बगा चोर. चामडं! वाळून लाकूड झालंय, म्हणून झटका देतंय. एरंडेल पाजा, मऊ हुतंय."

दुर्दैवाने त्याच वेळी मदनच्या मातोश्री गुणमाला सोप्याच्या ठेंगण्या तुळईखालून वाकून बाहेर येत होत्या. त्यांनी मोटार घरात घेण्यापूर्वी आसनांचे चामडे सोलून सुती गाद्या घातल्या होत्या आणि टपावरचे चामडी बंदही काढून टाकले होते.

"काय म्हणालास? चामडं?"

"आवं आईसाब, त्याच्यावर कोन बसत न्हाई. ते गाडीच्या पोटात हाय."

"पोटात हाय? मग तर जास्तच वाईट! बस्तीच्या दारात दर्शनाला थांबायची ती गाडी. देवाच्या म्होरं असली गाडी उभी करतोस व्हय?"

पोटात काय असावे आणि काय नसावे याविषयी जैन मातेशी वाद घालण्याचे धैर्य मिसर देशात लढलेल्या पुरुषापाशीही नव्हते. चामडे निघाले. हळकुंडे घासून चकचकीत करण्याचे पिंप फिरवणारा जाड सुती पट्टा अण्णांच्या वखारीत होता. त्याचा तुकडा कापून तिथे बसवला. परंतु एरंडेलाचा आपला सिद्धांत नाथाजीला सोडवेना. त्याने तो तुकडा तेलात मनसोक्त बुडवून काढला.

परिणाम असा झाला की पट्टी लोण्यासारखी खाली गेली, लोण्यासारखीच वर आली, इंजिनाने मोठी गर्जना केली, आणि मोटार जागची हलली नाही. मघापर्यंतची बेडकी आता मुनी झाली होती.

अण्णा दारात उभे राहून पाहत होते. ते सावकाश म्हणाले, "नाथाजी, एवढं एरंडेल माणसाला पाजलं असतं, तर तो आतापातूर साताऱ्याला पोचला असता."

दुसऱ्या दिवशी नवरदेवाला हळद लागली. आत्या अंबूबाई त्याच्या तेलकट दंडावर हळद चोळत होत्या, आणि मदन अंतःकरणाने क्लचपाशी होता. ओली हळद संपली तेव्हा आत्यांनी कोरड्या हळदीची मूठ दंडावर फासली. क्षणभरात तेल नाहीसे झाले. त्वचा कोरडी, किंचित खरखरीत, बोट फिरवले तर बोटाला धरणारी. मदनने एकदा बोट फिरवले, दोनदा फिरवले, आणि पाटावरून उडी मारली. समोरचे कोरड्या हळदीचे तबक उचलून अर्धा पिवळा नवरदेव पंचानिशी अंगणात धावला.

"अरं मेल्या!" आत्या ओरडल्या. "ती उष्टी हळद! कुपवाडला नवरीला पाठवायची हाय!"

"नवरीच्याच कामाला चाललीया, आत्या!"

नवऱ्याच्या अंगाची उष्टी हळद प्रथम वधूला लागावी हा आचार. सांगलीत त्या दिवशी ती प्रथम क्लचला लागली, आणि उरलेली कुपवाडला गेली. धर्मशास्त्राच्या दृष्टीने पाहता मोटार ही थोरली ठरली. पण हा मुद्दा कोणी उपस्थित केला नाही.

हळदीने जास्तीचे तेल पिऊन टाकले. मदनने तसाच अनवाणी पाय पट्टीवर ठेवला आणि हळूहळू उचलला. अर्ध्या वाटेवर तळव्याखाली एक बारीक कंप आला. झोपेतून उठवलेल्या माणसाने "हं" म्हणावे तसा. त्या कंपाशी पाय थांबवला की मोटार मुंगीच्या पावलांनी सरके. आणखी उचलला की चालू लागे. मदन अंगणात दिवस मावळेपर्यंत पुढे-मागे सरकत राहिला.

लग्न कुपवाडला यथासांग झाले आणि दुपार कलताच वरात सांगलीकडे निघाली. पुढे वाजंत्री, मागे वऱ्हाडी, मध्ये मोटार; अनवाणी नवरदेव सुकाणूशी, शेजारी मांडीवर काठोकाठ भरलेला कऱ्हा घेतलेली चंदनबाला. तिची नजर पाण्यावर, त्याची रस्त्यावर, आणि नाथाजीची दोघांच्या पायांवर. पाण्यावर बारीक वलये उठत आणि काठाशी जाऊन विरत. वाजंत्री थांबले की मोटार थांबे. ते चालले की ती चाले. बस्तीपुढे दर्शन झाले. शालू कोरडा राहिला.

परंतु इतका वेळ अर्धवट धरलेला क्लच आतून तापला, आणि एरंडेलातली हळद तळली जाऊ लागली. वरातीवर फोडणीचा सुगंध दरवळला.

वऱ्हाडींनी आधी एकमेकांकडे पाहिले, मग पश्चिमेकडे. सूर्यास्तानंतर जेवायचे नाही हा नेम. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आलेला. आणि कुठेतरी स्वयंपाक तयार असल्याची ग्वाही नाकाला मिळालेली. प्रथम तरुण सटकले, मग मानकरी. वाजंत्र्यांनी धावता धावता दोन सूर वाजवले आणि तेही पसार झाले. नाथाजी मोटारीशेजारी घुटमळला.

"तुला कसली घाई रं?" मदन म्हणाला. "तुला तर रात्री जेवायला चालतंय."

"मला चालतंय मालक, पर ही मंडळी आधी बसली तर जिलब्या सूर्याच्याबी आधी मावळत्याल." आणि तो गेला.

रस्ता मोकळा झाला. मदनने घसा साफ केला.

"आता सरळ सोडली तर येळंत पोचू. भूक लागली असंल."

"लागलीया की. सकाळपास्नं पोटात काय न्हाई."

"मग सोडू?"

चंदनबालेने मांडीवरचा कऱ्हा नीट धरला. "घरी गेल्यावर तुमच्या आत्या, मावश्या, चुलत्या. नाव घे म्हणतील, वाकून नमस्कार कर म्हणतील. मग तुमी माझ्याशी कवा बोलणार?" आणि मग, "असंच हळू चालवाया जमतंय न्हवं?"

मदनचा तळवा त्या बारीक कंपाशी जाऊन थांबला. मोटार मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. त्याने आधी कुरडयांबद्दल क्षमा मागितली. तिने ती दिली नाही, पण साताऱ्याच्या घाटात मोटार कशी चढते ते विचारले. त्याने ते सांगितले. मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि तिच्याजवळ सांगण्यासारखे बरेच होते.

दोघे दारात पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. गुणमालांनी तांदूळ ओवाळले आणि मांडून ठेवलेल्या पानांकडे पाहून त्या हळहळल्या. पण अंबूबाई आत्यांनी लगेच बाजू सावरली. पोरीने लग्नाच्या दिवशीच उपवास धरला म्हणाल्या, हे पूर्वजन्मीचे पुण्य. सकाळपर्यंत ही वार्ता साऱ्या गल्लीत झाली. दोन वृद्ध बायका सुनेचे पाय शिवून गेल्या.

सूर्य चांगला वर आल्यावर गुणमालांनी स्वतः वाढले. चंदनबाला खाली मान घालून जेवत होती. तिने तिसरी पुरणपोळी मागितली तेव्हा आत्या कौतुकाने हसल्या. पाचवी मागितल्यावर मात्र पूर्वजन्माविषयी त्या काही बोलल्या नाहीत. तूप तेवढे पुढे सरकवले.