व्हर्ननचा चेक परत

ड्युलुथमधल्या आमच्या मुलांच्या वाचनघराचा हीटर मार्चमध्ये कायमचा बंद पडला. नव्यासाठी वीस हजार डॉलर देईन, असं व्हर्नन लिंडक्विस्टने लिहून दिलं, खाली सही केली. ऑक्टोबरात चेक आला, पण त्याच्या दानखात्यातून. त्या खात्यात टाकलेले पैसे तेव्हाच दान होतात, करसवलतही तेव्हाच मिळते. पुढे कुणाला द्यावेत, एवढंच दात्याने सुचवायचं. त्यातून स्वतःचं वचन फेडायचं नाही, मोबदलाही घ्यायचा नाही.

चेकसोबत खातं सांभाळणाऱ्या संस्थेचा कागद होता : 'ही रक्कम कोणत्याही वचनाची फेड नाही, दात्याला बदल्यात काहीही मिळणार नाही.' खाली खजिनदार म्हणून माझी सही हवी होती. शिवाय व्हर्ननची चिठ्ठी : 'वचन फिटलं. वार्षिक जेवणाला पुढचं आठ खुर्च्यांचं टेबल ठेवा.'

"बाई, करून टाका ना सही," आमची संचालक ब्रिटा म्हणाली. "कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"मग त्याचा वचनाचा कागदच फाडू."

"फाडला म्हणून त्याने लिहिलंच नव्हतं, असं होतं का?"

चूक माझीही होती. 'देण्याचा विचार आहे' एवढंच लिहून घेतलं असतं, तर निदान वचनाचा पेच पडला नसता. पक्क्या वचनाचा कागद मीच पुढे केला होता.

व्हर्नन माझा जुना विद्यार्थी. मी त्याला फोन लावला. "दुसरीत तू एकच चित्र दोन स्पर्धांना दिलं होतंस. आठवतं?"

"बाई, मी एकसष्ट वर्षांचा आहे!"

"मग तर कळायला हवं. वचन खिशातून फेड, हप्त्याने फेड. जेवणाच्या टेबलाचे पैसेही वेगळे भर."

"पैसा माझाच आहे ना?"

"होता. तू तो देऊन टाकलायस."

"मग बसा गारठत!"

"बसू. थंडीची भीती मला नको दाखवूस."

त्याने फोन आपटला. सही न केलेला कागद आणि चेक मी त्या संस्थेच्या नावाने पाकिटात घातला, तिकीट लावलं आणि स्वतः टपालपेटीत टाकून आले.

नोव्हेंबरात बर्फ पडला. बारा मुलं कोट घालूनच वाचायला बसली.

"बाई, हातमोज्यांनी पान उलटत नाही," आयली कुरकुरली.

"एका हातातला काढ," म्हणत मी माझाही काढला. "हं, कुठवर आलो होतो?"